विश्लेषण : व्यसनी गुन्हेगार की रुग्ण? इराणच्या न्यायालयांत इस्लामी कायदा अफू-हेरॉइनचा निवाडा कसा करतो

इराणमध्ये मुस्लिम व्यक्तीने दारू प्यायल्याचे न्यायालयात सिद्ध झाले, तर शिक्षा ठरलेली आहे : ८० फटके. दंड संहितेच्या कलम २६५ मध्ये हा आकडा आहे आणि न्यायाधीशाला तो कमी-जास्त करता येत नाही. पण तोच माणूस अफू ओढताना किंवा हेरॉइन टोचून घेताना सापडला तर?

याचे उत्तर एका ओळीत देता येत नाही. तो व्यसनी आहे की कधीमधी ओढणारा, उपचार घेतोय की नाही, त्याच्याकडे किती ग्रॅम सापडले, घरी त्याची पत्नी काय सांगते, यावर उत्तर बदलत जाते. त्याला मेथाडोनचा डोस मिळू शकतो. फटके बसू शकतात. सक्तीच्या उपचार केंद्रात रवानगी होऊ शकते. पत्नी घटस्फोट मिळवू शकते. आणि माल मोठा असेल, तर फाशीही होऊ शकते. हे सगळे एकाच देशात, एकाच धर्मशास्त्राचा आधार घेऊन.

‘इस्लामी कायदा’ म्हटले की अनेकांना वाटते, सगळे आधीच लिहून ठेवलेले असणार. न्यायाधीशाने फक्त पान उघडायचे. अमली पदार्थांच्या बाबतीत मात्र पान कोरे होते. ते कोणी, कधी आणि कोणत्या तर्काने भरले, ते समजून घेऊ.

दारूची शिक्षा ठरलेली, मग अफूची का नाही?

कुराणाच्या पाचव्या अध्यायातील ९० व्या वचनात ‘खम्र’, म्हणजे मद्य, निषिद्ध ठरवले आहे. फटक्यांचा आकडा कुराणात नाही. तो पुढच्या परंपरेतून आला. सुन्नी पंथांमध्ये त्यावर ४० की ८० असा मतभेदही आहे. पण मद्यासाठी शिक्षा आहे आणि ती मोजून दिलेली आहे, यावर धर्मशास्त्र्यांचे एकमत आहे. अशा ठरलेल्या शिक्षेला अरबीत ‘हद्द’ म्हणतात. मराठीत आपण ‘हद्द झाली’ म्हणतो, तोच हा शब्द. अर्थही तोच : सीमा.

अफू, भांग, चरस यांची नावे मात्र कुराणात नाहीत. हेरॉइन आणि मेथाम्फेटामाइन तर १९ व्या शतकाच्या अखेरीस प्रयोगशाळांत तयार झाले. म्हणजे इथे आखून दिलेली हद्द नाही. जिथे हद्द नाही, तिथे दुसरा प्रकार लागू होतो. त्याला ‘ताजीर’ म्हणतात. त्यात शिक्षा किती द्यायची हे राज्यकर्ता आणि न्यायाधीश ठरवतात. ती कडक करता येते, सौम्य करता येते, बदलता येते किंवा तिच्या जागी उपचारही सांगता येतात.

हा फरक लक्षात ठेवा. पुढची सगळी गोष्ट याच एका फटीतून निघते.

नाव नसलेल्या पदार्थाला निषिद्ध कसे ठरवले?

सुन्नी धर्मशास्त्रात यासाठी ‘कियास’ नावाची पद्धत आहे. मराठीतला ‘कयास बांधणे’ इथूनच आला. मात्र आपला कयास म्हणजे अंदाज; धर्मशास्त्रातला कियास ही पायऱ्यांनी जाणारी तुलना आहे. जुना पदार्थ मद्य. त्याला बंदी का? कारण ते बुद्धी झाकून टाकते. नवा पदार्थ चरस. तोही बुद्धी झाकतो का? झाकत असेल, तर त्यालाही बंदी.

यामागे आणखी एक मांडणी आहे. अकराव्या-बाराव्या शतकातील विद्वान अल गझाली यांनी सांगितले, की धर्मशास्त्राचा हेतू पाच गोष्टींचे रक्षण करणे हा आहे : धर्म, जीव, बुद्धी, वंश आणि मालमत्ता. यातल्या बुद्धीसाठीचा अरबी शब्द ‘अक्ल’, म्हणजे आपली अक्कल. नशा अकलेवर घाला घालते, म्हणून ती निषिद्ध.

बंदीवर बहुतेकांचे एकमत झाले, पण शिक्षेवर नाही. १३२८ मध्ये निधन पावलेले इब्न तैमिया यांनी चरसलाही मद्याइतकीच ठरलेली शिक्षा हवी, असे मत मांडले. इतरांचे म्हणणे वेगळे होते. काही पदार्थ मद्यासारखी धुंदी आणत नाहीत, फक्त बधिर करतात. तेव्हा तिथे हद्द नाही, ताजीर लावा. हा वाद सातशे वर्षांपूर्वीचा आहे. व्यसनी माणसाला नेमके काय झाले आहे, हा प्रश्न तेव्हाही न्यायाधीशांना पडला होता.

इराणमधील बहुसंख्य शिया पंथ कियास मानत नाही. तिथला रस्ता वेगळा आहे. शिया न्यायशास्त्र ‘ला जरर’ या तत्त्वाकडे जाते : स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा होईल असे वागू नये. त्यामुळे शिया पंडितांचा मुख्य प्रश्न ‘हे मद्यासारखे आहे का’ हा नसतो, ‘याने किती नुकसान होते’ हा असतो. इराणचे दीर्घकाळ सर्वोच्च नेते राहिलेले अली खामेनी यांच्या फतव्यांतही अमली पदार्थांना बंदी त्यांच्या व्यक्तिगत, सामाजिक आणि आर्थिक दुष्परिणामांमुळेच आहे. वैद्यकीय गरजेचा अपवाद तिथे मान्य केलेला आहे.

मग कायदा कोणी केला?

इराणमध्ये अफूबंदी इस्लामी क्रांतीच्या आधीची आहे. १९५५ मध्ये शहांच्या राजवटीत अफूची लागवड आणि सेवन बंद झाले. १९६९ मध्ये धोरण बदलले. मर्यादित लागवड सुरू झाली, नोंदणी केलेल्या व्यसनींना सरकारी अफू मिळू लागली आणि तस्करांसाठी फाशी आली. म्हणजे ‘व्यसनीला सवलत, तस्कराला फाशी’ ही जोडी क्रांतीने शोधलेली नाही.

१९७९ च्या क्रांतीनंतर ही सवलत गेली. क्रांतिकारी न्यायालयाचे न्यायाधीश सादिक खलखाली यांच्याकडे अमली पदार्थविरोधी मोहीम देण्यात आली आणि झटपट खटल्यांत शेकडो जणांना मृत्युदंड देण्यात आला. व्यसनींना सहा महिन्यांत व्यसन सोडा, असे फर्मान निघाले. व्यसन अर्थातच फर्मानाने सुटले नाही.

खरा टप्पा १९८८ चा. त्या वर्षी जानेवारीत अयातुल्ला खोमेनी यांनी जाहीर केले, की इस्लामी राज्याच्या हितासाठी गरज पडल्यास नमाज, रोजा, हज यांसारखे आदेशही राज्य तात्पुरते बाजूला ठेवू शकते. पुढच्याच महिन्यात त्यांनी एक परिषद स्थापन केली. तिचे फारसी नाव ‘मजमा-ए-तश्खीस-ए-मस्लहत-ए-निजाम’, म्हणजे राज्यव्यवस्थेचे हित कशात आहे ते ठरवणारी परिषद. यातला ‘मस्लहत’ म्हणजे हित. आपल्याकडे येता येता त्याची ‘मसलत’ झाली आणि अर्थ सल्ल्याकडे सरकला.

ऑक्टोबर १९८८ मध्ये याच परिषदेने अमली पदार्थविरोधी कायदा मंजूर केला. तो संसदेने, म्हणजे मजलिसने केलेला नव्हता. पाच किलोंपेक्षा जास्त अफू किंवा ३० ग्रॅमपेक्षा जास्त हेरॉइन असेल तर फाशी, असे त्यात होते. हे आकडे कोणत्याही धर्मग्रंथातले नव्हते. ते राज्याच्या हिताचा विचार करून माणसांनी ठरवलेले होते. आणि जे माणसांनी ठरवले, ते माणसांना बदलताही येते.

व्यसनी पकडला गेला तर न्यायाधीश काय करतो?

हा कायदा १९९७ आणि २०१० मध्ये मोठ्या प्रमाणावर बदलला. १९९७ मध्ये व्यसन हा गुन्हा राहिला, पण उपचारासाठी स्वतःहून येणाऱ्याला खटल्यातून सूट मिळाली. २०१० नंतरची रचना फोनवर वाचताना सोपी जावी म्हणून तीन भागांत पाहू.

• कलम १५ : व्यसनी व्यक्तीने परवानाधारक केंद्रात जाऊन उपचार घ्यायचे. तसे प्रमाणपत्र असेल आणि ती उघड्यावर नशा करत नसेल, तर खटला नाही.

• कलम १६ : उपचार न घेणाऱ्याला न्यायिक अधिकाऱ्याच्या आदेशाने एक ते तीन महिने सरकारी केंद्रात ठेवायचे. गरज पडल्यास आणखी तीन महिने.

• कलम १९ : व्यसनी नसताना नशा करणाऱ्याला दंड आणि फटके. पदार्थानुसार ते २० ते ७४ किंवा ५० ते ७४.

शेवटचा मुद्दा पुन्हा वाचा. रोज हेरॉइन घेणाऱ्याला दवाखाना आणि एखाद्या वेळी ओढणाऱ्याला फटके. वरवर हे उलटे वाटते. पण यामागचा तर्क जुन्या धर्मशास्त्राला धरून आहे. शिक्षा होते ती स्वेच्छेने केलेल्या कृत्याला. ज्याची इच्छाशक्तीच व्यसनाने पोखरली आहे, त्याचे कृत्य कितपत स्वेच्छेचे? कायदा इथे व्यसनाला आजार मानतो आणि कधीमधीच्या नशेला निवड.

अडचण पुढे आहे. उपचाराचा दरवाजा नाकारला, की तोच रुग्ण पुन्हा आरोपी होतो. सक्तीच्या केंद्रांमधली गर्दी आणि सुविधांचा अभाव यावर इराणमध्येच वर्षानुवर्षे टीका होते आहे. खासगी केंद्रांची स्थितीही सगळीकडे बरी नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये गिलान प्रांतातील लंगरूड शहरात एका खासगी व्यसनमुक्ती केंद्राला आग लागली आणि ३० हून अधिक जण मरण पावले. कागदावर रुग्ण असणे आणि प्रत्यक्षात रुग्णासारखी वागणूक मिळणे, यात अंतर आहे.

सिरिंज वाटणे म्हणजे पापाला मदत नाही का?

१९९० च्या दशकाच्या अखेरीस इराणच्या तुरुंगांमध्ये एचआयव्ही पसरू लागला. कारण साधे होते. एकच सुई अनेक जण वापरत होते. पश्चिमेकडील केरमानशाह शहरात काही डॉक्टरांनी एकाच छपराखाली तीन सेवा सुरू केल्या : व्यसनींसाठी नुकसान कमी करणारे उपचार, लैंगिक आजारांवरचे उपचार आणि एचआयव्हीची काळजी. त्यांना ‘त्रिकोणी दवाखाने’ म्हटले जाऊ लागले. जागतिक आरोग्य संघटनेनेही या प्रयोगाची दखल घेतली.

पण कायद्याचा प्रश्न उभा होताच. व्यसनीला सिरिंज देणारा कार्यकर्ता गुन्ह्याला मदत करतो, असे म्हणून एखादा सरकारी वकील त्याला आत टाकू शकत होता. मेथाडोन हेही अफूच्याच जातीचे औषध. एक नशा सोडवायला दुसरी द्यायची, हे धर्माला कसे चालावे?

उत्तर त्याच न्यायशास्त्रातल्या दुसऱ्या एका नियमात होते. दोन वाईट गोष्टींपैकी एक टाळणे शक्यच नसेल, तर कमी वाईट स्वीकारा. मेथाडोन वाईट असेल, पण एचआयव्ही आणि उघड्यावरची सुई त्याहून वाईट. जानेवारी २००५ मध्ये न्यायपालिकेचे तेव्हाचे प्रमुख अयातुल्ला महमूद हाशेमी शाहरूदी यांनी देशभरातील न्यायिक अधिकाऱ्यांना परिपत्रक पाठवले. सुया वाटणारे आणि मेथाडोन देणारे आरोग्यसेवक गुन्हेगार नाहीत, त्यांच्या कामात अडथळा आणू नये, असा त्याचा आशय होता. शाहरूदी स्वतः धर्मशास्त्राचे मोठे पंडित होते, त्यामुळे या पत्राला प्रशासकीय वजनाबरोबर धार्मिक वजनही होते.

यानंतर मेथाडोन केंद्रे देशभर वाढली, तुरुंगांतही पोहोचली. २०१७ मध्ये इराणच्या अधिकाऱ्यांनी देशात नियमित अमली पदार्थ घेणाऱ्यांची संख्या सुमारे २८ लाख असल्याचे सांगितले. एवढ्या लोकांना तुरुंगात ठेवणे कोणत्याही राज्याला शक्य नसते. ‘मस्लहत’ या शब्दाचा हाही एक अर्थ आहे.

मग फाशीचे काय?

हा या विषयाचा सर्वांत कठीण भाग. १९८८ च्या कायद्यातली ३० ग्रॅमची मर्यादा पुन्हा आठवा. ३० ग्रॅम म्हणजे दोन मोठे चमचे. एवढे हेरॉइन टोळीच्या म्होरक्याच्या खिशात नसते. ते नेणाऱ्या गरिबाकडे सापडते, किंवा स्वतःची नशा भागवण्यासाठी विकणाऱ्या व्यसनीकडे. कायद्याच्या एका कलमात जो रुग्ण, तोच दुसऱ्या कलमात फाशीला पात्र.

शिवाय हे खटले क्रांतिकारी न्यायालयांत चालतात. २०१५ पर्यंत या शिक्षांवर नेहमीच्या पद्धतीने अपीलही नव्हते. सर्वोच्च न्यायालयाचे प्रमुख किंवा देशाचे महाधिवक्ता यांचे शिक्कामोर्तब पुरेसे असे. नव्या फौजदारी प्रक्रिया संहितेने हे कलम रद्द केले आणि अपिलाचा मार्ग खुला झाला. त्याच २०१५ मध्ये अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनलने इराणमध्ये किमान ९७७ मृत्युदंड नोंदवले. त्यातले बहुतांश अमली पदार्थांच्या गुन्ह्यांसाठी होते.

धर्मशास्त्रात फाशीचा आधार कोणता? कुराणाच्या पाचव्याच अध्यायात, ३२ आणि ३३ व्या वचनांत, पृथ्वीवर विध्वंस माजवणाऱ्यांचा उल्लेख आहे. अशा माणसाला इराणच्या कायद्यात ‘मुफ्सिद फिल अर्ज’ म्हणतात. टीका करणाऱ्यांमध्ये देशातलेही कायदेतज्ज्ञ होते. त्यांचा प्रश्न होता, की दोन चमचे हेरॉइन नेणारा पृथ्वीवर विध्वंस माजवतो, असे म्हणता येईल का?

२०१७ मध्ये मजलिसने कायद्यात नवे कलम घातले आणि नोव्हेंबरपासून ते लागू झाले. आता मृत्युदंडासाठी पुढीलपैकी एक गोष्ट लागते :

• गुन्ह्यात शस्त्र वापरणे किंवा बाळगणे.

• टोळीचा म्होरक्या किंवा पैसा पुरवणारा असणे, किंवा मुलांना या कामाला लावणे.

• अमली पदार्थांच्याच गुन्ह्यात आधी मृत्युदंड, जन्मठेप किंवा १५ वर्षांहून अधिक शिक्षा झालेली असणे.

• माल ठरावीक वजनापेक्षा जास्त असणे : अफूसारख्या पारंपरिक पदार्थांसाठी ५० किलो, हेरॉइनसाठी दोन किलो आणि मेथाम्फेटामाइनसारख्या पदार्थांसाठी तीन किलो.

बाकीच्यांसाठी ३० वर्षांपर्यंत तुरुंगवास. हा बदल मागील तारखेपासून लागू झाला, त्यामुळे फाशीच्या प्रतीक्षेतील हजारो कैद्यांच्या शिक्षा फेरविचारासाठी गेल्या. परिणाम लगेच दिसला. अ‍ॅम्नेस्टीच्या नोंदीत २०१७ मध्ये अमली पदार्थांसाठी किमान २०५ मृत्युदंड होते, २०१८ मध्ये २५. कुराणातले एकही वचन बदलले नव्हते. बदलली होती फक्त ‘विध्वंस’ या शब्दाची व्याख्या.

पण गोष्ट इथे संपत नाही. २०२१ पासून आकडे पुन्हा चढू लागले. २०२३ मध्ये अ‍ॅम्नेस्टीने नोंदवलेल्या ८५३ मृत्युदंडांपैकी ४८१ अमली पदार्थांसाठी होते. त्यातले सुमारे २९ टक्के बलुच समाजाचे, जो इराणच्या लोकसंख्येत जेमतेम पाच टक्के आहे. बलुच लोक अफगाणिस्तान-पाकिस्तान सीमेवरच्या गरीब प्रांतात राहतात. मालाचा रस्ता त्यांच्या दारावरून जातो.

कायदा तोच राहिला, तरी पकडणारे पोलीस, खटला चालवणारे न्यायालय आणि वरून येणारा आदेश बदलला की निकाल बदलतात. ताजीरने दिलेली मोकळीक दोन्ही दिशांना चालते.

पत्नी न्यायालयात गेली तर?

फाशीच्या बातम्या जगभर जातात. पण व्यसनाचे खटले फक्त क्रांतिकारी न्यायालयांत चालत नाहीत, कौटुंबिक न्यायालयांतही चालतात, आणि तिथला तर्क अधिक बारकाईने पाहण्यासारखा आहे.

इराणच्या दिवाणी संहितेनुसार घटस्फोटाचा अधिकार मुख्यतः पतीकडे आहे. पत्नीसाठीचा महत्त्वाचा मार्ग कलम ११३० मध्ये आहे. संसार चालू ठेवणे तिला ‘उस्र-ओ-हरज’, म्हणजे असह्य त्रास आणि कोंडी, ठरत असेल, तर न्यायालय पतीला घटस्फोट द्यायला भाग पाडू शकते. धर्मात माणसावर असह्य ओझे लादलेले नाही, या कुराणातील विचारावर हे कलम उभे आहे.

पण असह्य म्हणजे किती? एका न्यायाधीशाला जे असह्य वाटते, ते दुसऱ्याला ‘संसारात थोडेफार चालतेच’ असे वाटू शकते. २००२ मध्ये या कलमाला एक टीप जोडली गेली. मजलिस आणि गार्डियन कौन्सिल यांचे त्यावर पटले नाही, तेव्हा निर्णय त्याच मस्लहत परिषदेने दिला. टीपेत असह्य त्रासाची पाच उदाहरणे आहेत. एक थेट व्यसनाचे आहे : पतीच्या अमली पदार्थांच्या किंवा दारूच्या व्यसनाने संसाराचा पाया ढासळत असेल आणि डॉक्टरांनी सांगितलेल्या मुदतीत त्याला व्यसन सोडायला लावणे शक्य नसेल, तर तो त्रास असह्य मानावा.

इथे न्यायाधीश डॉक्टरांकडे पाहतो. न्यायवैद्यक संस्थेचा अहवाल येतो, मुदत ठरते. पतीने शब्द पाळला नाही किंवा व्यसन सोडून पुन्हा सुरू केले, तर पत्नीच्या मागणीवरून घटस्फोट, असेही टीपेत लिहिले आहे. व्यसन पुन्हा उलटू शकते, हे व्यसनमुक्तीच्या क्षेत्रातले साधे सत्य इथे कायद्यात आले.

आणखी एक मार्ग लग्नाच्या दिवशीच तयार होतो. इराणच्या छापील विवाहपत्रात १२ अटी असतात. पतीने त्यावर सही केली, तर त्या घडल्यावर पत्नी त्याची ‘वकील’ बनून स्वतःलाच घटस्फोट देऊ शकते. संसार मोडणारे व्यसन ही त्यातली एक अट आहे. पालकांपैकी कोणाला घातक व्यसन असेल आणि त्यामुळे मुलाला धोका असेल, तर ताबा काढून घेता येतो, असे कलम ११७३ सांगते.

प्रत्यक्षात हे सिद्ध करणे सोपे नसते. पती तपासणीला यायचे टाळतो, काही दिवस नशा बंद ठेवून मग येतो, वेळ जातो. अनेक स्त्रिया खटला लवकर संपावा म्हणून मेहरवरचा हक्क सोडून परस्परसंमतीचा रस्ता धरतात. तरीही तर्कातला बदल मोठा आहे. फौजदारी न्यायालयात व्यसनी रुग्ण आहे की गुन्हेगार, एवढाच प्रश्न असतो. कौटुंबिक न्यायालयात नुकसान कोणाचे होते, हे विचारले जाते. तो रुग्ण असला, तरी त्याच्या आजाराचा भार तिने आयुष्यभर उचलावा असे नाही.

नशेत खून केला तर?

हा मुद्दा थोडक्यात. २०१३ च्या दंड संहितेचे कलम ३०७ सांगते, की नशेत केलेल्या खुनालाही ‘किसास’, म्हणजे जिवाच्या बदल्यात जीव, लागू होतो. मात्र नशेमुळे आरोपीची इच्छाशक्ती पूर्णपणे नष्ट झाली होती, हे सिद्ध झाले तर किसास टळतो. रक्तमूल्य आणि ताजीरची शिक्षा राहते. हाच हेतू ठेवून आधी नशा केली असेल, तर सूट नाही. पुन्हा तोच प्रश्न : अक्कल जागेवर होती का?

इतर मुस्लिम देशांत काय?

सौदी अरेबियात १९८७ मध्ये ज्येष्ठ धर्मपंडितांच्या परिषदेने ठराव करून अमली पदार्थ देशात आणणाऱ्या तस्कराला मृत्युदंड योग्य ठरवला. आधार तोच : पृथ्वीवरचा विध्वंस.

इंडोनेशियात अमली पदार्थांचे फौजदारी खटले धार्मिक नव्हे, तर सर्वसाधारण न्यायालयांत चालतात. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० च्या परिपत्रकात मर्यादा आखल्या : एक ग्रॅम मेथाम्फेटामाइन किंवा पाच ग्रॅम गांजापर्यंत माल सापडलेल्या सेवनकर्त्याला पुनर्वसनासाठी पाठवता येते. मुस्लिमांचे घटस्फोट मात्र धार्मिक न्यायालयात जातात. १९९१ च्या इस्लामी कायदा संहितेचे कलम ११६ सांगते, की बरे होणे कठीण असलेले व्यसन हे घटस्फोटाचे कारण आहे. फायदा मिळवण्यापेक्षा नुकसान टाळणे आधी, हा जुना न्यायशास्त्रीय नियम तिथल्या निकालांत वारंवार येतो.

आणि आपल्याकडे?

भारतात अमली पदार्थांचा कायदा सर्व धर्मांना एकच आहे : १९८५ चा एनडीपीएस कायदा. पण प्रश्न तेच आहेत. इथेही वजनाच्या पायऱ्या आहेत. पाच ग्रॅमपर्यंतचे हेरॉइन ‘अल्प’, २५० ग्रॅमपेक्षा जास्त ‘व्यावसायिक’. अल्प मालासह सापडलेला व्यसनी स्वेच्छेने मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घ्यायला तयार असेल, तर कलम ६४अ त्याला खटल्यापासून संरक्षण देते. इराणच्या कलम १५ शी याचे साम्य उघड आहे.

फाशीचाही प्रश्न आपल्याकडे आला होता. १९८९ मध्ये जोडलेल्या कलम ३१अ नुसार मोठ्या मालासह दुसऱ्यांदा दोषी ठरल्यास फाशी अनिवार्य होती. जून २०११ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ही सक्ती घटनेच्या कलम २१ विरुद्ध असल्याचे सांगितले आणि फाशी द्यायची की नाही, हे न्यायाधीशावर सोपवले. २०१४ मध्ये संसदेने कायदाही तसा बदलला. तर्क घटनेचा होता, पण मुद्दा ओळखीचा : सगळ्यांना एकाच मापाने फाशी देता येत नाही.

मुस्लिम महिलांसाठी भारतात १९३९ चा मुस्लिम विवाहविच्छेद कायदा आहे. हनफी पंथाच्या चौकटीत पत्नीला घटस्फोट मिळणे फार कठीण होते, तेव्हा मालिकी पंथाच्या उदार नियमांचा आधार घेऊन तो कायदा झाला. त्यात पतीचे बेपत्ता होणे, दोन वर्षे पोटगी न देणे, क्रूर वागणूक अशी कारणे आहेत. व्यसन हे स्वतंत्र कारण नाही. पत्नीला ते क्रूरतेच्या किंवा पोटगी न मिळण्याच्या चौकटीत बसवून सिद्ध करावे लागते. हिंदू विवाह कायद्यातही व्यसन स्वतंत्र कारण नाही, तिथेही क्रूरतेचाच आधार घ्यावा लागतो. या एका बाबतीत इराणच्या २००२ च्या टीपेने पत्नीच्या हाती जे स्पष्ट शब्द दिले, ते आपल्या या दोन्ही कायद्यांत नाहीत. निकाहनाम्यात अट घालून घटस्फोटाचा अधिकार पत्नीला देण्याची सोय मात्र भारतातही आहे. तिचा वापर फार कमी होतो.

मग यातून काय कळते?

‘शरियात असेच आहे’ हे वाक्य फाशीच्या बाजूने बोलणारेही वापरतात आणि विरोधकही. अमली पदार्थांच्या बाबतीत ते दोघांच्याही तोंडी चुकीचे आहे. ग्रंथाने पदार्थाचे नाव सांगितले नाही, वजन सांगितले नाही, शिक्षाही सांगितली नाही. नुकसान टाळा, बुद्धी सांभाळा, असह्य ओझे लादू नका, एवढी तत्त्वे दिली. त्यांच्यातून ३० ग्रॅमची फाशी निघाली, दोन किलोंची निघाली, मेथाडोनचा दवाखाना निघाला आणि त्रासलेल्या पत्नीची सुटकाही निघाली.

त्यामुळे पुढच्या वेळी इराणमधून अशा निकालाची बातमी आली, तर तीन गोष्टी पाहा. खटला कोणत्या न्यायालयात चालला? कायद्यातली वजनाची मर्यादा किती होती आणि ती कोणी ठरवली? आणि आरोपीला अपील करायला मिळाले का? तो माणूस जगेल की नाही, हे बहुतेक वेळा या तीन उत्तरांवर ठरलेले असते.